मिलिमीटरसाहेबांचं छत

गाडीच्या छताचं अस्तर गेली दोन वर्षं हळूहळू खाली येत होतं. आधी मागच्या बाजूला फुगवटा आला, मग मधोमध झोळी झाली, मग त्या झोळीला टाचण्या लागल्या. पण एका रविवारी भाजी घेऊन परत येताना ते टाचण्यांसकट सुटलं आणि मिलिमीटरसाहेबांच्या डोक्यावर येऊन निवांत बसलं. साहेबांनी चौकात गाडी थांबवली तेव्हा मागच्या दुचाकीवाल्याला वाटलं, गाडी तंबूच चालवतोय.

मिलिमीटर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सोसायटीच्या जिन्याची सातवी पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा नऊ मिलिमीटर उंच आहे, हे त्यांनी इमारत बांधून झाल्यावर अकरा वर्षांनी शोधून काढलं आणि सर्वसाधारण सभेत त्यावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. तेव्हापासून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं. आवडत नव्हतं, पण निदान ते अचूक आहे एवढं समाधान होतं.

त्यांची बायको शाळेत शिकवायची. एकतीस वर्षं शिकवत होती, त्यामुळे शाळेत, बाजारात, सोसायटीत सगळे तिला 'बाई'च म्हणत. त्या रविवारी बाईंनी नवऱ्याच्या केसांतला अस्तरामागच्या फोमचा पिवळा भुसा झटकला आणि म्हणाल्या, "अहो, एक सांगायचंय. शनिवारी माझा शाळेतला शेवटचा दिवस. पाच वाजता निरोप आटोपेल. पाच वाजता फाटकाशी या. छत असो की नसो."

"नसो कसं? तुझ्या निरोपाला तू लोंबत्या छताखाली बसून येणार?"

"एकतीस वर्षं रिक्षाने आले. त्या रिक्षाचं छतही लोंबतंच होतं."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. साहेब बाईंच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला कधी वेळेवर पोचले नव्हते. बाईंच्या सत्काराला ते पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं, कारण चारही चाकांतली हवा सारखी होईपर्यंत ते पंपावरून हलले नव्हते. स्नेहसंमेलनात बाईंनी बसवलेलं नाटक त्यांनी पाहिलं ते फक्त पडदा पडताना. दर वेळी कारण अचूकपणाचं असायचं आणि दर वेळी बाई म्हणायच्या, "असू दे." या खेपेला मात्र त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत. 'पाच वाजता' एवढंच पुन्हा म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

शहाण्या माणसाने अशा वेळी घड्याळाला किल्ली दिली असती. साहेबांनी आठवड्याची रजा टाकली.

सोमवारी ते बाजारातल्या सीटकव्हरवाल्याकडे गेले. त्याने गाडीत डोकं घालून छताला बोटाने टोचलं आणि सांगितलं, "गाडी ठेवून जा साहेब. परवा घेऊन जा."

विषय खरं तर इथेच संपायचा. पण त्या माणसाच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. वीस वर्षं ओढून ओढून ती अशी सैल झाली होती की तिच्यावरचे आकडे एकमेकांना निरोप देत लांब चालले होते. साहेबांचा हात आपोआप खिशातल्या पोलादी पट्टीकडे गेला. दीड मीटरला चार सेंटिमीटरची तफावत निघाली.

"ही टेप बेकायदेशीर आहे."

"साहेब, दुकान काढलं तेव्हापासून हीच टेप आहे."

"म्हणूनच."

रीतसर पावती फाडून साहेबांनी टेप जप्त केली आणि पिशवीत टाकली. सीटकव्हरवाला रडला नाही, भांडला नाही. तो फक्त कुतूहलाने म्हणाला, "पण साहेब, आम्ही ह्याच टेपने मापतो आणि ह्याच टेपने कापतो. मग चुकणार कुठे?"

याला कायद्यात उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे. आता ज्याची टेप जप्त केली त्याच्याच दुकानात गाडी कशी ठेवायची? स्वाभिमान आडवा आला. साहेबांनी कापड चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घेतला, पत्रा खरवडायचा ब्रश घेतला आणि घरीच काम करायचं ठरवलं. तरी निघताना सीटकव्हरवाला म्हणालाच, "जमलं नाही तर या. बिघडवून आणलेल्याचे दुप्पट घेतो."

मंगळवारी पार्किंगमध्ये गाडी उघडली गेली. ज्यांनी कधी गाडीचं छत काढलेलं नाही त्यांना सांगतो, ते अस्तर नुसतं चिकटवलेलं नसतं. त्याच्यामागे एक भलीमोठी, खोलगट, पुठ्ठ्यासारखी फळी असते आणि ती आख्खी बाहेर काढावी लागते. ती काढायची तर खांबांवरची प्लास्टिकची झाकणं काढावी लागतात, ती काढायची तर दारांची पॅनल सैल करावी लागतात, आणि एवढं करूनही फळी निघत नाही, कारण आड सीटा येतात. दुपारपर्यंत गाडी आत होती त्यापेक्षा जास्त बाहेर होती.

प्रेक्षक अर्थातच जमले होते. त्यांत पुढे होते समोरच्या फ्लॅटमधले अनुभवी काका. जगात असं एकही काम नव्हतं जे काकांच्या साडूने केलेलं नव्हतं. "आमच्या साडूने छत केलं होतं," काका म्हणाले, "आणि सीटा काढल्याशिवाय करूच नका म्हणाला होता." सीटा आधीच जमिनीवर होत्या, तरीही काकांनी हा सल्ला तीन वेळा दिला. हात मात्र त्यांनी लावला नाही, कारण त्यांची कंबर धरली होती. ती त्यांच्या साडूचीही धरत असे.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते चष्मा पुसत आले, त्यावरूनच साहेबांना शंका यायला हवी होती. त्यांच्या हातात नियमांची पुस्तिका होती.

"कलम चौदा, पोटकलम ब," सेक्रेटरींनी वाचलं. "पार्किंगच्या जागेत वाहनच ठेवावे. वाहनाचे सुटे भाग, ते कितीही काळासाठी सुटे असोत, ठेवू नयेत. सूर्यास्तापूर्वी हलवावेत."

कलम चौदा ब साहेबांनी स्वतःच लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी आपली जुनी स्कूटर पार्किंगमध्ये उघडली होती. तेव्हा साहेबांनी हे कलम मांडलं, एकमताने मंजूर करून घेतलं, आणि 'कितीही काळासाठी' हे शब्द तर आयत्या वेळी घातले. सेक्रेटरींनी ती स्कूटर तुकड्यातुकड्याने वर नेली होती. तिचं हँडल अजून त्यांच्या गॅलरीत होतं. त्यावर ते टॉवेल वाळत घालत.

"विशेष परवानगीसाठी अर्ज करता येईल का?" साहेबांनी विचारलं.

"येईल की. मासिक सभेत ठेवू. पुढच्या महिन्यात."

"शनिवारी बाईंचा निरोप आहे हो."

"कलम तुमचंच आहे," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांचं समाधान पसरलं.

सूर्यास्त सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी होता. त्याआधी मागची लांब सीट लिफ्टमध्ये उभी करून वर गेली, पुढच्या दोन्ही गेल्या, दारांची पॅनल गेली. छताची फळी मात्र लिफ्टमध्ये मावेना. ती साहेबांनी डोक्यावर घेऊन जिन्याने नेली. फळीखाली त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी त्या पायांना "कोण पाहिजे?" असं विचारलंही. सातव्या पायरीवर ते अडखळले. नऊ मिलिमीटर, त्यांनी फळीखालून मोठ्याने सांगितलं, पण ऐकायला कोणी नव्हतं.

बाई शाळेतून आल्या तेव्हा दिवाणखान्यात गाडी होती. पर्स ठेवली, गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या आणि वह्या तपासायला घेतल्या. थोड्या वेळाने बाजूची कळ ओढून पाठ जरा मागेही केली.

"सोयीचं आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी पाच."

बुधवारी साहेबांनी गॅलरीत बसून फळी खरवडली. जुन्या फोमचा भुसा नाकात, कानात, चहात गेला. डोळे चुरचुरायला लागले म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मापं घ्यायची वेळ आली. पोलादी पट्टी खोलगट फळीवर बसेना. "मऊ टेप पाहिजे," असं ते स्वतःशीच पुटपुटले. अनुभवी काका दारात उभेच होते. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीत हात घातला आणि टेप काढून दिली.

"ही घ्या. मऊसूत आहे. खड्ड्यात छान बसते."

जप्त मालाच्या पिशवीत हात घालायचा अधिकार कोणाला असतो, कोणाला नसतो, यावर एक स्वतंत्र परिपत्रक आहे. काकांनी ते वाचलेलं नव्हतं. साहेबांनी ते लिहिलं होतं, पण त्यांचा चष्मा स्वयंपाकघरात होता. आकडे तेवढे ते फळीला नाक लावून वाचत होते. लांबी एकशे एकाहत्तर पूर्णांक सहा सेंटिमीटर. त्यांनी तीन वेळा मापून घेतलं. तिन्ही वेळा तेच आलं, आणि याचा त्यांना मोठा आनंद झाला.

संध्याकाळी कापडदुकानात गेल्यावर त्यांनी सवयीने आधी दुकानदाराचा मीटर तपासला. धातूची टोकं, त्यावर यंदाचा शिक्का, आणि शिक्का त्यांचाच. छान. राखाडी, मऊ, पाठीला पातळ फोम असलेलं कापड पसंत पडलं. त्या रंगाचा तेवढाच तुकडा उरला होता.

"पाच-दहा सेंटिमीटर जास्त देऊ का साहेब? सगळेच घेतात. हा तुकडा तसाही शेवटचाच आहे."

"सगळे घेतात कारण सगळ्यांना मापता येत नाही," साहेब म्हणाले. "एकशे एकाहत्तर पूर्णांक सहा."

दुकानदार त्यांना ओळखून होता. त्याने श्वास रोखून, मिलिमीटरवर खूण करून कापलं. उरलेली चिंधी दुसऱ्या गिऱ्हाइकाने बाहुलीच्या झग्यासाठी नेली.

गुरुवारी सकाळी कापड फळीवर अंथरलं तेव्हा ते साडेचार सेंटिमीटर कमी भरलं. साहेबांना पहिल्यांदा वाटलं, दमट हवेने फळी फुगली. मग वाटलं, दुकानदाराचा मीटर खोटा. पण त्यावर शिक्का स्वतःचा, आणि आपल्याच शिक्क्यावर संशय घेण्याची त्यांची छाती होईना. मग त्यांनी चष्मा लावला आणि फळीवर पडलेली टेप पाहिली. तिच्या टोकाला त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती. 'जप्त. वापरास अयोग्य.'

साहेब गाडीच्या सीटवर बसून राहिले. सीटकव्हरवाल्याचं म्हणणं त्यांना आता कळलं. खोट्या टेपने मापून खोट्या टेपनेच कापलं असतं, तर छत बरोबर बसलं असतं. त्यांनी खोट्या टेपने मापलं आणि खऱ्या मीटरने कापलं. खात्यातल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असा गुन्हा त्यांनी पाहिला नव्हता, आणि याची पावती कोणाच्या नावाने फाडायची तेही त्यांना कळेना.

"त्यात काय," अनुभवी काका म्हणाले. "कापडच आहे, ताणलं की येतं. साडूने तसंच केलं होतं."

"आणि टिकलं?"

"साडूने गाडी विकली."

दुसरा रंग जुळेना, नवा माल सोमवारी येणार. शुक्रवारी फळीला सोल्युशन फासलं गेलं आणि साहेब, काका आणि इस्त्रीवाला अशा तिघांनी तीन बाजूंनी कापड ओढलं. काकांची कंबर त्या दिवशी तात्पुरती सुटली होती. कापड कडेला पोचलं. दिसायला तर झकास दिसत होतं. पण खोलगट भांड्यावर फडकं ताणून बांधलं की ते तळाला टेकत नाही, हे कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. दिवाणखान्यात ते कोणाला आठवलं नाही.

वेळ उरला म्हणून साहेबांनी दारांच्या पॅनलवर लाकडासारखा दिसणारा स्टिकर लावला. वास्तविक हे कोणी मागितलं नव्हतं. स्टिकरखाली हवेचे फुगे राहिले, ते त्यांनी मोजले. एकशे बारा. टाचणीने फोडायला घेतले तर रात्रीपर्यंत सत्तावीस फुटले आणि चाळीस नवे आले. "राहू देत," बाई म्हणाल्या. "मुलांना आवडतील."

शनिवार उजाडला. फळी जिन्याने खाली गेली, छताला लागली, पॅनल लागली. एक वाजला होता. आता फक्त सीटा. साहेब शीळ घालत वर आले, मागची सीट लिफ्टपर्यंत सरकवली, आणि लिफ्टच्या दारावर कागद दिसला: 'देखभालीसाठी दुपारी एक ते सहा बंद. हुकमावरून, सेक्रेटरी.'

हा सूड नव्हता. ती तारीख दोन महिन्यांपूर्वीच ठरली होती आणि ठरावाला अनुमोदन साहेबांचंच होतं. लांब सीट जिन्याच्या वळणावर अडकली. साहेबांनी ती उभी केली, आडवी केली, तिरकी केली, वळणाचं माप घेतलं. सीट अकरा सेंटिमीटर मोठी होती. ती परत वर न्यायला चाळीस मिनिटं लागली. बाजूच्या सीटचे बोल्ट सापडेनात. ते काकांनी 'हरवू नयेत म्हणून' जपून ठेवले होते, आणि काका साडूकडे गेले होते.

चार वाजून पाच मिनिटांनी साहेब पायरीवर बसले. आजवर अशा प्रसंगी त्यांनी नेहमी एकच निर्णय घेतला होता: आधी काम पूर्ण, मग जाणं. बोल्ट बाजारात मिळाले असते. दोन माणसं बोलावून सीट गॅलरीतून दोराने सोडता आली असती. साडेसहापर्यंत गाडी अगदी नीट झाली असती. फाटकाशी तेव्हा फक्त बाई असत्या, हातात पिशवी घेऊन, आणि त्या 'असू दे' म्हणाल्या असत्या. ते 'असू दे' साहेबांना स्पष्ट ऐकू आलं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. ते उठले आणि त्यांनी चालकाची तेवढी सीट उचलली.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी दारातून पाहत होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग चपला घातल्या आणि सीटची दुसरी बाजू धरली.

"सुटे भाग वर न्यायचं कलम आहे," ते म्हणाले. "खाली आणायला मदत करू नये असं कुठे लिहिलेलं नाही."

"तसं लिहायचं राहून गेलं," साहेब धापा टाकत म्हणाले.

सातव्या पायरीवर सेक्रेटरी असे काही अडखळले की सीट, साहेब आणि ते स्वतः एकदमच खाली आले. कपाळ चोळत सेक्रेटरींनी मागे वळून त्या पायरीकडे पाहिलं.

"नऊ मिलिमीटर?"

"नऊ."

"पुढच्या सभेत घेऊ."

सव्वा-दीड किलोमीटरचं अंतर साहेबांनी रिकाम्या गाडीने कापलं. त्या गाडीत चालकाची सीट सोडली तर बसायला काही नव्हतं. बाईंना कुठे बसवायचं हा प्रश्न त्यांना निम्म्या रस्त्यात पडला, पण मागे फिरायला वेळ नव्हता. शाळेच्या फाटकाशी गाडी उभी राहिली तेव्हा आतून सगळी शाळाच बाहेर येत होती. पुढे मुलं, मग शिक्षक, मग हेडबाई, मध्ये आपल्या बाई. आणि सगळ्यांच्या मागे शाळेचा म्हातारा शिपाई डोक्यावर एक लाकडी खुर्ची घेऊन.

ती बाईंची खुर्ची होती, शिक्षक-खोलीतली. एकतीस वर्षं त्या तिच्यावर बसल्या होत्या. शिपाईमामांनी तिचा डुगडुगता पाय बसवून तिला पॉलिश केलं होतं आणि शाळेने ती निरोपाची भेट म्हणून बाईंना दिली होती. मामांनी गाडीचं दार उघडलं, आत पाहिलं आणि थक्क झाले.

"अहो, साहेबांनी तर जागाच करून आणलीय!"

खुर्ची बाजूच्या सीटच्या जागी ठेवली. तिथे ती मापून बनवल्यासारखी बसली. खेळाच्या तासाच्या रस्सीने मामांनी ती बांधून टाकली.

"आम्ही एवढं गुपित ठेवलं होतं," हेडबाई म्हणाल्या. "साहेब, तुम्हाला कळलं कसं? आणि एका खुर्चीसाठी सगळ्या सीटा काढल्यात?" मग त्या इतर शिक्षिकांकडे वळून म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात विचार करणं."

साहेब प्रामाणिक माणूस. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, वर्गात बडबडणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. साहेबांनी तोंड मिटलं. तोवर मुलांना दारावरचे फुगे सापडले होते आणि प्रत्येक जण एकेक फोडत होता.

गाडी निघाली, चालत्या माणसाच्या वेगाने. पुढे शिपाईमामा सायकलवर वाट मोकळी करत होते. खुर्चीवर ताठ बसून प्रवास करणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं, आणि साहेब मनातल्या मनात स्वतःवर एकामागून एक पावत्या फाडत होते.

शाळा नजरेआड झाली आणि डोक्यावर 'फट्' असा आवाज आला. मधोमध ताणलेलं कापड सुटलं आणि खाली यायला लागलं. बाईंनी एक हात वर केला आणि ते तळव्यावर झेललं. वर्गात एकतीस वर्षं 'हात वर करा' म्हणून सांगत आलेल्या बाई आता स्वतः हात वर करून बसल्या होत्या.

साहेबांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. टेप, कलम चौदा ब, साडेचार सेंटिमीटर, लिफ्ट, बोल्ट. "आणि त्या खुर्चीचं मला काहीसुद्धा माहीत नव्हतं गं."

"ते मला फाटकाशीच कळलं."

"मग बोलली नाहीस ती?"

"माझं लक्ष तिकडे नव्हतंच. मी घड्याळ बघत होते." छत दुसऱ्या हातावर घेत बाई हसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "पाचला दोन मिनिटं कमी होती, तेव्हा तुम्ही आलात."

साहेबांनी रेडिओवरच्या वेळेशी रोज जुळवलेलं आपलं घड्याळ फाटकाशी पाहिलं होतं. पाचला एक मिनिट चाळीस सेकंद कमी होते.

"बरोबर," ते म्हणाले. "दोन मिनिटं."